बारापैकी बारा मिळवलेला बहिरा

पंढरीनाथ बहिरा आहे हे भिवंडीतल्या अख्ख्या कामतघराला माहीत होतं, पण त्याच्यासमोर उभं राहिलं की कुणाच्या लक्षात राहत नसे. समोरून काहीही विचारा, चोख उत्तर यायचं. पाठमोरा असला की मात्र त्याच्या मागे फटाक्यांची माळ लावा, मानसुद्धा वळायची नाही.

माणूस मूळचा जवळच्या कोन गावचा. भावांनी शेतावर गोदामं बांधली आणि पांढरे बूट घालून फिरायला लागले. याला पहिल्यापासून मशीनचा नाद. सव्विसाव्या वर्षी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला तो छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तिथेच. चार लूम, बारा तासांची शिफ्ट. त्या आवाजात तीस वर्षं काढल्यावर कान राहणार कुठून? पण कान जाताना त्याला कळलंही नाही, कारण कारखान्यात कानाचं कामच नसतं. पन्नास लूम एकदम चालू झाले की तिथे ओरडून उपयोग नसतो, म्हणून कुणी ओरडतच नाही. तोंड मोठं उघडून, ओठ नीट वळवून, आवाज न काढता बोलायचं. समोरचा ओठ वाचतो. चहा हवा तर एक खूण, सेठ येतोय तर मिशीवरून बोट. चाळीस फुटांवरून दोन कारीगर एकमेकांच्या सासुरवाडीची सगळी भानगड बोलून घेतात आणि मधे उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता लागत नाही. पंढरीनाथ या भाषेत पंडित. काचेच्या केबिनमध्ये सेठ फोनवर काय बोलला ते तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायचा. सेठला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपला हिशेब लिहिणारा मेहता फितूर आहे.

घरीही तसंच चालायचं. बायको पार्वती आणि मुलगी दिपाली समोर बसून बोलायच्या, तो बघून ऐकायचा. दिपाली लहानपणापासून कारखान्यात डबा घेऊन जायची, त्यामुळे बापाशी ती नुसत्या ओठांनीच बोलायची. तिला तर आपला बाप बहिरा आहे हेच कधी धड जाणवलं नाही.

तिचं लग्न होऊन ती बडोद्याला गेली आणि घोटाळा झाला. फोनला ओठ नसतात.

दर शुक्रवारी दुपारी दिपालीचा फोन यायचा, कारण भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. मोबाइल घरात एकच आणि तो पार्वतीच्या ताब्यात. आधी माय-लेकी वीस मिनिटं बोलायच्या. मग पंढरीनाथ विचारायचा, काय म्हणते? पार्वती सांगायची, बरी हाय म्हणते. वीस मिनिटांचं एवढंच. शेवटी फोन त्याच्या कानाला लावला जायचा. त्याला नुसती गुणगुण यायची. पण पोरीला वाईट वाटू नये म्हणून तो दर वेळी तेच बोलायचा, "हो पोरी, करतो मी. तू काळजी नको करू."

सहा महिने असं चाललं. मग एका शुक्रवारी दिपालीने बापाला फोन द्यायला सांगितलंच नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. पार्वती म्हणाली, घाईत होती. वस्तीत कुणाचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात, तसा तिसऱ्या शुक्रवारी पंढरीनाथ माझ्या दारात आला.

"संघरत्ना, पोर माझ्यावर रुसलीय," तो म्हणाला. "मी काय केलं तेच मना ठाऊक न्हाय. मना कानाचं मशीन बघून दे. तिचं बोलणं एकदा माझ्या कानानं ऐकायचंय."

मी म्हटलं, बडोद्याला जाऊन विचारून या ना, दादा. तर म्हणाला, व्याह्यांच्या घरी न बोलावता जायचं आणि काय विचारायचं, माझा गुन्हा काय म्हणून? पार्वतीने तर जायचं नावही काढू दिलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून त्याला वाटायचं की ती काहीतरी गिळतेय. ओठ वाचणाऱ्या माणसापासून लपवायचं तर तोंड मिटूनच बसावं लागतं, आणि पार्वती हल्ली फार मिटून बसायची.

हे साल दोन हजार आठ. आणि त्याच महिन्यात माझ्याकडे इंजिनीअरिंगची पोरं आली.

कॉलेज मुंबईकडचं, नाव सांगत नाही. पोरांनी मानवतेसाठी तंत्रज्ञान असा स्वयंसेवक गट काढला होता. एकूण बारा जण. त्यांतला एक अध्यक्ष, एक सचिव, दोन सहसचिव, एक तांत्रिक प्रमुख, एक प्रसिद्धी प्रमुख, एक समन्वयक, चार उपसमन्वयक आणि एक समन्वयकांचा समन्वयक. मी विचारलं की यात साधा सभासद कोण, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साधा सभासद मिळाला नव्हता. अध्यक्षाचं नाव सार्थक. तोंडाळ पण साफ दिलाचा. तांत्रिक प्रमुख मृणाली, ती फार बोलायची नाही. बाकीच्या अकरा जणांनी पदं वाटून घेतली तेवढ्या वेळात तिने एकटीने बसून कमी खर्चातलं कानाचं मशीन बनवलं होतं. काड्यापेटीएवढा डबा खिशात, एक वायर कानात. असे आठ नग. मशीनं तयार होती, बहिरे हवे होते.

मी म्हटलं, बहिरे लागतील तेवढे देते. तारीख सांगा.

त्यांनी रविवार सांगितला. मी म्हटलं, रविवारी भिवंडी चालू असते, शुक्रवारी या. सार्थक म्हणाला, शुक्रवारी प्रॅक्टिकल असतं, ताई. मला तिथेच ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण आठ मशीनं डोळ्यांसमोर होती, मी गप्प बसले. गप्प बसण्याची मला सवय नाही आणि बसले की काय होतं ते पुढे वाचा.

शिबिर समाजमंदिरात. समाजमंदिराची भिंत आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच. सकाळी दहाला बॅनर लागला, साडेदहाला गेलेली वीज परत आली, पलीकडे लूम सुरू झाले आणि टेबलावरचे पाण्याचे ग्लास आपोआप चालायला लागले. कान तपासायचं डॉक्टरी यंत्र महाग, म्हणून पोरांनी स्वतःची चाचणी काढली होती. तपासणारा दहा फुटांवर उभा राहून बारा शब्द हळू आवाजात बोलणार. समोरच्याने ते परत म्हणायचे. सहाच्या खाली आले तर तो बहिरा, त्याला मशीन.

पहिला आला राघो, नाक्यावरचा चहावाला. याचे कान इतके तिखट की पलीकडच्या गल्लीत कुणी अर्धा कटिंग म्हटलं तरी हा ओतायला घ्यायचा. पण तो कानाने ऐकणारा माणूस. भिंतीपलीकडून खडखड चाललेली, त्यात सार्थकचा हळू आवाज. राघोला बारापैकी दोन आले. त्याला बहिरा ठरवून मशीन दिलं. त्याच्यामागून दूधवाला, शाळेतले एक गुरुजी, मंडपवाला, सगळे चांगले ऐकणारे, सगळे नापास. एकेकाच्या कानात वायर जात होती आणि प्रसिद्धी प्रमुख फोटो काढत होता.

मग कारखान्यातले रात्रपाळीचे लोक आले. तीस वर्षांचे, पंचवीस वर्षांचे, कान पार गेलेले. ते टेबलासमोर उभे राहिले, सार्थकच्या तोंडाकडे बघितलं आणि धडाधड बारा शब्द म्हणून मोकळे झाले. रांगेतले मागचेही तिथूनच ओठ वाचून पाठ करत होते. पंढरीनाथचा नंबर आला तेव्हा त्याने बारापैकी बारा तर सांगितलेच, वर सार्थक कोपऱ्यातल्या सचिवाला जे पुटपुटला त्याचंही उत्तर दिलं.

"सत्तर न्हाय," पंढरीनाथ म्हणाला. "छप्पन्नावं चाललंय."

सार्थक लाजला. त्याने पंढरीनाथला उत्तम श्रवणशक्तीचं प्रमाणपत्र दिलं, रंगीत, खाली तीन सह्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीनाथला टाळ्या दिसल्या, त्याने हात जोडले.

मी त्या वेळी तिथे नव्हते. पाण्याच्या लाइनीवरून महापालिकेच्या माणसाशी भांडायला गेले होते. परत येईपर्यंत आठही मशीनं वाटून झाली होती आणि पंढरीनाथ प्रमाणपत्र छातीशी धरून दारात उभा होता.

"पास झालो," तो म्हणाला. "आता मशीन कुठून घ्यायचं?"

माझ्या सगळं लक्षात आलं आणि डोकं फिरलं. अहो, या माणसांनी आयुष्यात परीक्षा म्हणजे काय पाहिली होती? पास झालं की मिळतं, नापास झालं की घरी जायचं. मशीन मिळवण्यासाठी नापास व्हायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारे जीव तोडून पास झाले होते. दोघांनी तर सकाळी दाढी केली होती.

मी आत जाऊन सार्थकला विचारलं की राघोच्या कानात ही वायर कशासाठी. तो अभिमानाने म्हणाला की शिबिरातून धक्कादायक निष्कर्ष निघालाय. लूम कामगारांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के लोकांचे कान उत्तम आहेत आणि बाहेरचे लोक मात्र बहिरे होत चाललेत. लूमच्या आवाजाने कानाला व्यायाम होत असावा. यावर त्यांना कॉलेजच्या स्पर्धेत पेपर वाचायचा होता.

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हटलं, की पोरा, तू बहिऱ्यांच्या गावात येऊन बहिऱ्यांना सोडून सगळ्यांना मशीनं वाटलीस. त्यावर सहसचिव म्हणाला, ताई, आकडे खोटं बोलत नाहीत. दुसरा म्हणाला, मशीनं परत घेतली तर फोटो खोटे ठरतील.

मृणाली इतका वेळ भिंतीला हात लावून उभी होती. भिंत थरथरत होती, ते तिला आत्ता जाणवलं होतं. ती सार्थकला म्हणाली, आपण चुकलोय. सार्थक म्हणाला, मीटिंगमध्ये मुद्दा मांड. ती म्हणाली, मग मी नवा गट काढते. आणि त्याच टेबलाशी तिने गट काढला. या गटात अध्यक्ष नव्हता, पदं नव्हती, आणि सभासद ती एकटीच होती. मानवतेसाठी तंत्रज्ञानाचे भिवंडीत आता दोन गट झाले आणि दोघांचा मिळून खरा बहिरा लाभार्थी अजून एकही नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मृणाली प्रॅक्टिकल बुडवून आली. लूम बंद, कामतघर कसं शांत. तिने पंढरीनाथला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून बारा शब्द म्हटले. त्याने बाराच्या बारा बरोबर सांगितले. मृणाली खुर्चीत बसली. मलाही शंका आली. हा माणूस खरंच ऐकतोय की काय? मग तो जिकडे बघत होता तिकडे मी बघितलं. समाजमंदिराच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये जुन्या कार्यकारिणीचा फोटो होता. काचेत मृणाली स्वच्छ दिसत होती.

मी म्हटलं, दादा, चोरी करू नका.

"चोरी कसली, समोर दिसतंय ते वाचतो," तो म्हणाला. "पास व्हायला नको का?"

त्याला समोर बसवून, ओठ मोठे करून पंधरा मिनिटं समजावलं की दादा, या वेळी नापास व्हायचंय. त्याला ते मनापासून पटलं नाही. मृणालीने तोंडासमोर फाइल धरली आणि बारा शब्द म्हटले. पंढरीनाथ फाइलीकडे बघत राहिला. बारापैकी शून्य. तो इतका हिरमुसला की मला त्याला चहा पाजावा लागला. राघोच्या टपरीवर गेलो तर राघोने स्वतःच कानातली वायर काढून आमच्या पुढ्यात ठेवली. आठवडाभर सगळ्या गल्लीची भांडणं डोक्यात घुसतायत, म्हणाला. मला झोप नाही, हे घेऊन जा.

असं पंढरीनाथला मशीन मिळालं. त्याच दुपारी त्याने ते लावलं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकून तो उभाच राहिला. भांडं पडलेलं कळलं, गल्लीतला कुत्रा कळला. पण बोलणं कळेना. आवाज मोठा झाला, शब्द झाले नाहीत. त्याच्या कानाचं कापड आतून विरलेलं होतं, त्याला मशीन काय करणार? दिपालीचा फोन आला तेव्हा त्याने पार्वतीच्या हातातून तो जवळजवळ ओढूनच घेतला आणि कानातल्या मशीनला लावला. मशीनने अशी किंकाळी फोडली की पलीकडे दिपालीने फोन ठेवून दिला.

पंढरीनाथने वायर काढली, नीट गुंडाळली आणि मृणालीच्या हातात दिली. मग मृणालीने त्याला तो प्रश्न विचारला, जो तोवर बारा पदाधिकाऱ्यांपैकी कुणी विचारला नव्हता. काका, तुम्हाला नेमकं कुणाचं ऐकायचंय?

त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तिचं तोंड दिसलं असतं ना, तर मना मशीन नको होतं."

मृणाली माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. असल्या वेळी आपण किती मूर्ख आहोत ते एकदम कळतं.

मी माझ्या मोबाइलवरून दिपालीला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बापाला फोनवर ऐकू येत नाही गं. ती ताडकन म्हणाली, "मग सहा महिने 'हो पोरी, करतो' म्हणणारा कोण होता, ताई?" काय झालंय ते मात्र सांगेना. जे आहे ते बाबांच्या तोंडावर बोलेन, म्हणाली. मी म्हटलं, तोंडावरच बोल. पुढच्या शुक्रवारी तुझ्या तिथल्या सायबर कॅफेत बस.

पुढच्या शुक्रवारी पंढरीनाथच्या खोलीत मृणालीचा लॅपटॉप आला, त्याच्या डोक्यावर कॅमेरा. आणि सार्थकही आला, सचिवाला घेऊन. वाकडं तोंड करून म्हणाला की दोन्ही गटांचा संयुक्त उपक्रम समजा. मी त्याला वायरी धरायला बसवलं. पार्वतीवहिनी पदर तोंडाला लावून दाराशी उभी. तिला हा सगळा कारभार नको होता, ते मला तेव्हाच दिसलं.

बराच वेळ नुसतं चाक गोल फिरलं आणि पडद्यावर दिपाली आली. चित्र अडखळत होतं, पण चेहरा ओळखू येत होता. आवाज मात्र शून्य. सार्थकने हे दाबलं, ते दाबलं. वायर काढली, परत लावली. सचिव म्हणाला, माइक त्यांच्या बाजूने बंद आहे. सार्थक म्हणाला, त्यांच्या नाही, आपल्या बाजूने स्पीकर. मृणाली टेबलाखाली शिरली. तिघं घामाघूम होऊन एकमेकांना सूचना देत होते, आणि सार्थक दर मिनिटाला लॅपटॉपकडे वाकून "हॅलो, ऐकू येतंय का" असं ओरडत होता.

त्यांच्या डोक्यावरून बाप-लेक केव्हाचेच बोलत होते.

आधी दिपालीने तोंड फिरवलं होतं. गाल दिसत होता, ओठ नव्हते. ओठ वाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे म्हणजे कान कापण्यासारखं. पंढरीनाथ थांबला. हात जोडले नाहीत, खुणा केल्या नाहीत, नुसता थांबला. मग ती वळली आणि तोंड मोठं करून, सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवत बोलायला लागली. बोटांनी मधेच कारखान्यातल्या खुणा करत होती. पंढरीनाथही बिनआवाजाचा बोलत होता. आम्हाला काही कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की त्याचा चेहरा हळूहळू काळवंडत चाललाय. दहा मिनिटं असं चाललं. सार्थक म्हणाला, सॉरी काका, आवाज येतच नाहीये, आपण पुढच्या आठवड्यात परत प्रयत्न करू. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

पंढरीनाथ उठला आणि पार्वतीसमोर जाऊन हात पसरला.

"कपाटाची चावी दे," तो म्हणाला. "पोरीचे कागद तुझ्याकडं हायत."

तेव्हा सगळं बाहेर आलं. दिपालीला बडोद्यात रक्त तपासण्याच्या कोर्सला नाव घालायचं होतं. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला माहेरच्या कपाटात. सहा महिने ती दर शुक्रवारी आईकडे मागत होती आणि आई म्हणत होती, आधी एखादं मूल होऊ दे. मग ती बापाला विनवायची आणि बाप म्हणायचा, हो पोरी, करतो मी, तू काळजी नको करू. एक प्रवेश त्यात गेला होता. दुसऱ्याची मुदत येत्या बुधवारी संपत होती.

पार्वती बोलायला लागली. संसार लावायचं सोडून बाटल्यांत रक्त कसलं बघायचं, सासू काय म्हणेल, आपल्यात कुणी केलंय का असलं. ती वाईट बाई नव्हती. घाबरलेली होती. मी मधे पडणार होते, तोंड उघडलंही होतं, पण पंढरीनाथने त्याआधीच डोळे मिटून घेतले.

झालं. आता त्याच्याशी कुणी भांडणार कसं? हात पसरलेला, डोळे घट्ट मिटलेले, आणि हा माणूस जगात एकटा उभा. पार्वती बोलत राहिली. आवाज चढवला, रडली, माझी साक्ष काढली, मृणालीलाही दोन शब्द ऐकवले. त्याच्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. तिने त्याचा दंड धरून हलवला, तो हलला आणि परत तसाच उभा राहिला. पाच मिनिटं गेली असतील. मग तिने कमरेची चावी सोडली आणि त्याच्या पंजावर आपटली.

त्याने डोळे उघडले ते थेट कपाटाकडे बघत.

नेमका त्याच क्षणी सार्थकला आवाज सापडला. लॅपटॉपमधून दिपालीचं हसणं आणि रडणं एकदमच बाहेर आलं, खोलीभर. सार्थक आनंदाने ओरडला, काका, आला, आवाज आला. काका पाठमोरे होते. त्यांनी साड्यांखालून कागद काढले, पडद्यासमोर आणून एकेक करून पोरीला दाखवले, आणि मग दुधाच्या पिशवीत घालून गाठ मारली.

सचिवाने फॉर्म काढला. लाभार्थीला कोणत्या उपकरणाचा लाभ झाला, असं त्यात विचारलं होतं. सार्थकने बराच वेळ पेन हातात धरलं आणि मग फॉर्मची घडी करून खिशात टाकली. त्या दिवसापासून हा पोरगा मला आवडायला लागला.

पंढरीनाथने मला विचारलं की बडोद्याची गाडी कुठून पकडायची. मी त्याच्यासमोर उभी राहून, ओठ मोठे करून सांगितलं, वसईवरून. त्याने शनिवार ते सोमवारची ड्युटी बदलीवाल्याला दिली आणि शनिवारीच निघाला. वसईला जाणाऱ्या एसटीपर्यंत त्याची पिशवी पार्वतीवहिनीने उचलली होती. कागदांची पिशवी मात्र त्याने तिच्या हातात दिली नाही.